जी काच निळीच राहायला हवी होती

धारला भाऊजींच्या लॅबमध्ये रविवारी पेशंट नसतात, म्हणून माझं काम रविवारी. देवासहून सकाळची बस, इंदूरला उतरून दुसरी. पिशवी मी आदल्या दिवशीच भरते. उन्हात मेण मऊ पडू नये म्हणून ब्लॉकचा, म्हणजे मेणात बसवलेल्या ऊतीच्या वड्यांचा, डबा जेलपॅकवर, प्रतिपिंडाची इवलीशी कुपी थर्मासात, काचांची पेटी आणि काचांवर नावं घालायला पेन्सिल. पेनाची शाई चालत नाही, अल्कोहोलमध्ये धुऊन जाते. त्या रविवारी घाटाबिल्लोदला बस थांबली तेव्हा मी थर्मास उघडून हात घालून पाहिला. गार होता. लेबडला पुन्हा पाहिला.

शेजारच्या बाई म्हणाल्या, "कुल्फी है क्या?"

मी देवासच्या एका फार्मसी कॉलेजात शिकवते. पीएच.डी.ला नाव घातलं ते उशिरा, मुलं मार्गाला लागल्यावर. मामंजींना रक्तदाबाच्या एका गोळीने कोरडा खोकला लागला होता. डॉक्टरांनी गोळी बदलली, खोकला गेला, पण ती गोळी शरीरातल्या ज्या एन्झाइमला अडवते ते माझ्या डोक्यात बसलं. हे एन्झाइम रक्तवाहिन्या आवळणारं द्रव्य तयार करतं. माझा प्रश्न साधा होता: ज्या उंदरांना खूप मीठ खायला घातलं, त्यांच्या मूत्रपिंडात हे एन्झाइम वाढतं का, आणि ते नेमकं कुठे असतं? डोळ्यांनी तर ते दिसत नाही. म्हणून त्यालाच जाऊन चिकटेल असं एक प्रतिपिंड लावायचं, त्या प्रतिपिंडाला पकडणारं दुसरं लावायचं, आणि त्या दुसऱ्यावर रंग आणायचा. जिथे तपकिरी दिसेल तिथे एन्झाइम. बाकी सगळं निळं.

कागदावर हे सोपं आहे. प्रत्यक्षात शिकता शिकताच बहुतेक ब्लॉक कापून संपले. उंदरांची परवानगी त्या एका तुकडीपुरतीच होती. आता मीठवाल्यांचा एक आणि साधं खाणाऱ्यांचा एक, एवढेच ब्लॉक उरले होते, आणि मेणात दिसणारी मूत्रपिंडाची चकतीही पातळ झाली होती. गाइडनी स्पष्ट सांगितलं होतं, "आता मुदतवाढ नाही. शुक्रवारपर्यंत फोटो आले तर हे प्रकरण राहील, नाहीतर काढा." हे प्रकरण काढलं तर प्रबंधात उरतं काय, हे मी त्यांना विचारलं नाही. मला ते माहीत होतं.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर, पॅथॉलॉजिस्ट. मला दारात बघताच म्हणाले, "या वहिनी! आणलेत तुमचे पेशंट? उपाशीपोटी आहेत ना?"

"उपाशी कसले, मीठ खाऊन आलेत."

"मग आमच्यातलेच की. शेवेशिवाय घास न उतरणारे."

मायक्रोटोमच्या पात्यावर कागदाहून पातळ काप त्यांनीच घेतले, माझा हात अजून तेवढा बसलेला नाही. मग काप चिकटवलेल्या काचा कुकरमध्ये उकळल्या, त्याशिवाय प्रतिपिंडाला चिकटायला जागा मोकळी होत नाही. हा जाऊबाईंचा जुना कुकर. तो चुकून स्वयंपाकघरात परत येऊ नये म्हणून त्यांनी त्यावर लाल ऑइलपेंटने फुली मारून ठेवली आहे. पहिलं प्रतिपिंड माझं, सशात तयार केलेलं. दुसरं भाऊजींच्या किटमधलं. माणसांच्या गाठी तपासायला ते रोज हेच वापरतात, आणि ते त्यांना कधी दगा देत नाही.

रंगाचा थेंब टाकल्यावर काच डोळ्यांदेखत तपकिरी झाली. भाऊजींनी मीठवाली काच सूक्ष्मदर्शकाखाली घातली आणि टेबलावर थाप मारली. "आलं की! अहो, भरपूर आलं!" साध्या खाण्याच्या काचेवरही आलं होतं. मी तिसरी, कंट्रोलची काच उचलली. हिच्यावर मी पहिलं प्रतिपिंड लावलंच नव्हतं. बाकी सगळं तेच, तसंच. दुसऱ्याला पकडायला काही नाही, म्हणून ही काच निळीच राहायला हवी होती.

तीही तपकिरी होती. सगळीकडे, अगदी रक्तवाहिन्यांच्या आतसुद्धा.

"हात लागला असेल," भाऊजी म्हणाले. "इकडचा थेंब तिकडे गेला असेल."

"नाही गेला. ती वेगळ्या डब्यात होती."

"वहिनी, एक काच बिघडली म्हणून काय झालं? दोन चांगल्या आहेत ना? फोटो काढा, द्या पाठवून. परीक्षक काय तिसरी काच मागायला धारला येणार आहेत?"

"त्या दोन चांगल्या आहेत कशावरून?"

"रंग आलाय की!"

"हिच्यावरही आलाय."

त्यांनी तिसरी काच पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली घातली. हातांना घाम आला होता, हातमोजे निघेनात. मी पहिल्यापासून एकेक पायरी मोजायला लागले. ऊतीतून आपोआप येणारा रंग थांबवणारं हायड्रोजन पेरॉक्साइड ताजं होतं. धुणं नीट झालं होतं. कुकर वेळेवर उतरवला होता. बसमध्ये थर्मास दोनदा उघडला, त्याने काही झालं असेल का? पण या काचेवर थर्मासातलं काहीच नव्हतं. राहिलं फक्त किट. मी त्याच्या खोक्यातली घडीची पत्रिका उलगडली, चष्मा वर सरकवून डोळ्यांजवळ धरली. बारीक अक्षरात लिहिलं होतं की हे दुसरं प्रतिपिंड ससा आणि उंदीर, दोन्हींच्या प्रतिपिंडांना पकडतं.

माणसांच्या लॅबमध्ये ही मोठी सोय. पहिलं प्रतिपिंड सशाचं असो की उंदराचं, बाटली एकच पुरते. पण माझी ऊतीच उंदराची. तिच्यात राहिलेल्या रक्तात उंदराची स्वतःची प्रतिपिंडं असणारच. किटने सशाचं पकडलं आणि तीही पकडली, जिथे असतील तिथे.

भाऊजींनी पत्रिका माझ्या हातातून घेतली, वाचली. "म्हणजे आपण उंदराला उंदीर दाखवला," ते म्हणाले. "माणसाच्या गाठीत उंदीर कुठून असणार? कधी डोक्यातच आलं नाही."

मग त्यांनी इंदूरच्या औषधवाल्याला फोन लावला. स्पीकरवर, इंदुरी हिंदीत.

"भिया, सिर्फ खरगोश वाला चाहिए. चूहे वाला मिला हुआ नहीं."

"सर, दोनों वाला लो ना. एक में दो काम. सब वही ले जाते हैं."

"अरे भिया, सबके पास चूहे थोड़ी हैं!"

बाटली बुधवारी इंदूरला आली. मी कॉलेजातून रजा घेतली, तिथे ती थर्मासात घातली आणि दुपारी धारला पोचले. या वेळी थर्मास उघडून बघायचा धीर झाला नाही. भाऊजींनी दुपारचे पेशंट पुढे ढकलले होते. साधा ब्लॉक नीट कापला गेला. मीठवाल्याचा पहिला काप पाण्यावर पसरताना फाटला. दुसरा चांगला आला. तिसरा अर्धा. पुढच्या फिरकीला पात्यावर नुसतं मेण आलं, पांढरं, रिकामं. भाऊजींनी चाक थांबवलं आणि माझ्याकडे पाहिलं नाही.

मग म्हणाले, "या वेळी कंट्रोल नको. दीडच काप आहे. सगळा कामाला लावा."

"अर्धा कंट्रोलला," मी म्हटलं.

"वहिनी, तो पूर्ण काप बिघडला तर?"

"तर बिघडला."



रंग झाल्यावर मी आधी अर्ध्या कापाची काच सूक्ष्मदर्शकाखाली लावली. निळी. केंद्रकं निळी, मधली जागा फिकट निळी, रक्तवाहिन्या स्वच्छ. कोपऱ्यापर्यंत सरकवून पाहिली, मग उलटं फिरून पाहिली. तपकिरीचा ठिपका नव्हता. मग साधी काच. मूत्रपिंडातल्या नळ्यांच्या आतल्या काठावर एक बारीक तपकिरी रेघ, पेन्सिलीने गिरवल्यासारखी, आणि बाकी काहीच नाही. मग मीठवाली. तीच रेघ. तेवढीच जाड, तेवढीच गडद.

"वाढलंय?" भाऊजींनी विचारलं.

"नाही."

"थोडं तरी?"

मी पुन्हा पाहिलं. "नाही भाऊजी."

"आणि त्या रविवारच्या काचा..."

"त्यांच्यावर भरपूर होतं," मी म्हटलं.

ते हसले नाहीत. खुर्ची ओढून त्यांनी स्वतः सगळ्या काचा एकदा बघितल्या आणि म्हणाले, "खरंच सारखं आहे हो."

मी तिन्ही काचांचे फोटो काढले, पाठवले आणि गाइडच्या फोनची वाट बघत तिथेच बसले. बाहेर पेशंट जमायला लागले होते. फोन आला.

"फरक नाही दिसत?"

"नाही सर."

"कंट्रोल?"

"स्वच्छ आहे."

"थांबा" म्हणून त्यांनी फोटो पुन्हा पाहिले.

"ब्लॉक उरलाय?"

"मीठवाल्याचा संपला."

"हं. काचेवर एन्झाइम कुठे आहे ते दिसतं, ते किती काम करतं ते नाही. एवढं स्पष्ट लिहा. 'वाढ' हा शब्द काढून टाका, शीर्षकातूनही. प्रकरण राहू द्या."

बरं म्हणून मी फोन ठेवला. नवं शीर्षक परतीच्या बसमध्ये जुळलं: जागा सांगणारं, वाढीचा दावा न करणारं. पण परीक्षक अजून बाकी होते, आणि मीठ खाल्लेल्या उंदरांच्या मूत्रपिंडाचा आता माझ्याकडे एक पूर्ण काप होता आणि एक अर्धा.