भागीरथीबाई आणि समोरासमोरचा न्याय

म्हैसूरच्या हुणसूर रस्त्यावर, हिनकलच्या वळणाला भागीरथीबाईंचं शिवणाचं दुकान आहे. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. दोन मशीन, इस्त्रीचं टेबल आणि भिंतीला उंच आरसा. त्यांचे वडील नाटक कंपन्यांचे शिंपी होते. कंपनीचा मुक्काम म्हैसूरला पडला की राजाचा जरीचा डगला, राक्षसाचा काळा झगा, नारदाचं उपरणं, सगळं त्यांच्या हातचं. काय तो थाट होता! विंगेत बसून लहानगी भागीरथी तुटलेली बटणं लावून द्यायची, आणि पडदा पडल्यावर तोच राजा डगला उतरवून बिडी ओढत बसलेला पाहायची. झग्याच्या आत माणूसच असतो, हे तिला बाराखडीच्या आधी कळलं.

पुढे नाटकं गेली, कंपन्या गेल्या, आणि शिवण उरलं. जवळच्या चर्चचं काम बाईंकडे आलं त्यालाही आता बरीच वर्षं झाली. एकादशीला विठ्ठलाच्या देवळात भजन आणि नाताळ जवळ आला की गाणाऱ्या मुलांचे पांढरे झगे, असा त्यांचा क्रम. कुणी हटकलंच तर म्हणायच्या, "अय्यो, देवाचं माप कोण घेतंय? मी त्याच्या माणसांचं घेते."

चर्चच्या गाणाऱ्या मुलांमध्ये नमिता होती. वय अकरा, आवाज खणखणीत. तिची आई सुमा कडकोळच्या कारखान्यात कामाला. शाळा सुटली की नमिता बाईंच्या दुकानात येऊन बसायची, काजाचे दोरे कापून द्यायची, आणि कन्नडमधून अखंड बडबड करायची. बाईंना ती 'अज्जी' म्हणे.

ऑक्टोबरात झग्यांची मापं सुरू झाली. बाईंनी टेप उचलला तशी नमिता म्हणाली, "अज्जी, माझा शिवू नको. मी गाणार नाही."

"का ग? घसा बसला?"

"घसा चांगला आहे."

"मग? मैत्रिणीशी भांडण?"

नमिता दोरे कापत राहिली. मग खाली मान घालून तिनं सांगितलं. गाणं बसवणारे छोटे फादर सराव संपल्यावर तिला एकटीला थांबवून घेत होते. पुढं ती जे बोलली ते इथं लिहायचं कारण नाही. मोजकीच वाक्यं होती, आणि कुठल्याही मुलीला ती बोलावी लागू नयेत अशी होती. बाईंनी टेप खाली ठेवला, तिला जवळ घेतलं आणि म्हणाल्या, "माझा विश्वास आहे तुझ्यावर." इथपर्यंत त्यांचं काही चुकलं नाही.

संध्याकाळी सुमा आली. बाईंनी तिला आत बोलावून सगळं सांगितलं. सुमानं नमिताचं दप्तर उचलून छातीशी धरलं. "कोण ऐकणार आमचं? ते फादर. आम्ही कोण?"

"मी आहे ना," बाई म्हणाल्या.

पण करायचं काय, हे त्यांना ठाऊक नव्हतं; ठाऊक होती ती आपल्या समाजाची रीत. त्यांच्या लोकांत तंटा झाला की देवळात पंचमंडळी बसत. दोन्ही बाजूंना विठ्ठलासमोर उभं करत, हातात तुळशीची माळ देत, आणि म्हणत, आता बोला. बाईंनी लहानपणी पाहिलं होतं, भलेभले तिथं थरथर कापत खरं बोलून जात. पंचांतले हणमंतराव अजून होते, ऐंशी ओलांडलेले. बाई त्यांच्याकडे गेल्या.

"त्यांच्या घरातली गोष्ट," हणमंतराव म्हणाले, "त्यांच्या वडीलधाऱ्यांच्या कानावर घाल. समोरासमोर कर. तोंडावर खोटं बोलायला छाती लागते, भागीरथी."

बाईंना पटलं. रविवारी प्रार्थना संपल्यावर मायलेकींना घेऊन त्या फादरांच्या बंगल्यावर गेल्या. मोठे फादर थकलेले, सत्तरीचे, व्हरांड्यात चहा घेत होते. "फादर, छोट्या फादरांना बोलवा. एक गोष्ट आहे, त्यांच्यासमोरच सांगायची आहे," बाई म्हणाल्या. मोठ्या फादरांना वाटलं झग्यांचं काही असेल. त्यांनी हाक मारली.

छोटे फादर आले, हसतमुख, हात जोडून. बाईंनी नमिताच्या पाठीवर हात ठेवला. "सांग बाळ. घाबरू नको. मला सांगितलंस ते सांग."

नमितानं वर पाहिलं, छोट्या फादरांकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा कुलूप लावल्यासारखा बंद झाला.

"काय झालं, नमिता?" छोट्या फादरांनी अगदी मायेनं विचारलं.

"काही नाही झालं," ती म्हणाली. "अज्जीनं चुकीचं ऐकलं."

ज्या न्यायावर बाईंनी आयुष्यभर भरवसा ठेवला, तो डोळ्यांदेखत असा उलटला. माळ हातात घेऊन कापणारी माणसं एकमेकांच्या तोलाची होती. जमीन, सोयरीक, मानपान यांवर भांडणारी. इथं एका बाजूला पांढऱ्या झग्यातला पुरुष होता आणि दुसऱ्या बाजूला अकरा वर्षांची पोर. बाईंना हे कळलं, पण उशिरा.

मोठ्या फादरांनी कप खाली ठेवला. काय चाललंय ते त्यांना उमगलं. "बस," ते म्हणाले. "एक शब्द नको आता. सुमा, मुलीला घेऊन घरी जा. तुम्ही आत जा," हे धाकट्याला. सगळे गेल्यावर ते बाईंना म्हणाले, "मुलीला असं समोर उभं करायचं नसतं, अम्मा. आम्हाला हे शिकवलंय. मी दारातच विचारायला हवं होतं, मुलीला कशाला आणलंत म्हणून."

"ती नाही म्हणाली ना आता. मग संपलं?"

"संपलं कसं? ती खरी की तो खरा, हे मी ठरवायचं नाही. तुम्हीही नाही. त्यासाठी माणसं आहेत."

त्याच दुपारी त्यांनी मुलांच्या रक्षणासाठी नेमलेल्या समितीला फोन लावला. छोट्या फादरांकडून गाणं, शिकवणी, मुलांशी येणारं सगळं काम काढून घेतलं आणि त्यांना बंगल्यातून दुसरीकडे राहायला पाठवलं. या बाबतीत म्हातारा डगमगला नाही, हे मान्य करायला हवं. असे न डगमगणारे सगळीकडे नसतात.

समितीवर चर्चबाहेरचीही एक बाई होती, ईश्वरी नावाची समुपदेशक. ती दुकानात आली, स्टुलावर बसली आणि सरळ बोलली. "कायदा असा आहे की ज्याला कळलं त्यानं पोलिसांना कळवायचंच. चर्च कळवतंय, सुमाही ठाण्यात येतेय. तुम्ही जे ऐकलंत ते तुम्हालाही सांगावं लागेल. तेवढंच सांगायचं, जास्त नाही."

बातमी फुटायला वेळ लागला नाही. चर्चमधल्या दोघीजणी ब्लाउज परत न्यायला आल्या, अर्धे शिवलेले. "तुम्ही विठ्ठलवाल्या, आमच्यात कशाला बोट घालता?" एक म्हणाली. "आमचे फादर देवमाणूस आहेत."

"असतील," बाई म्हणाल्या. "देवमाणसाला चौकशीचं काय भय? बाह्या जोडायच्या राहिल्यात, सांभाळून न्या."

हणमंतरावांचाही निरोप आला, शिंप्याच्या घरची बाई पोलीस ठाण्यात जायची नाही. बाई गेल्या. ऐकलं तेवढं सांगून आल्या.

पण त्यांचं सांगणं म्हणजे ऐकीव गोष्ट. नमिताचं तोंड उघडलं नाही तर प्रकरण तिथंच विरणार होतं, आणि पोरीला जन्मभर वाटणार होतं की आपण बोलून चूक केली. नमिता तर आता दुकानातच येत नव्हती. शाळेची बस दारावरून जायची. नमिता खिडकीतून तोंड फिरवायची.

एका सुट्टीच्या दिवशी बाई स्वतः तिच्या घरी गेल्या. सुमानं दार उघडलं. नमिता पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसली होती.

"मी चुकले," बाई म्हणाल्या. "तू मला एकटीला सांगितलंस आणि मी तुला त्यांच्यासमोर नेऊन उभं केलं. आमच्यात तसं करतात. पण ते तुझ्यासाठी नव्हतं."

नमितानं उशी ओढून मांडीवर घेतली.

"तू खोटं बोललीस म्हणून आले नाही. तू घाबरलीस. मीही घाबरले असते."

 मग भिंतीकडे बघतच तिनं विचारलं, "पुन्हा त्यांच्यासमोर जायचं?"

"नाही. ईश्वरी म्याडमनं सांगितलंय, कधीच नाही. पोलीस बाई साध्या साडीत इथंच येईल. कोर्टात गेलं तरी ते तुला दिसणार नाहीत, अशी सोय असते. आणि तुला बोलायचं नसेल तर नको बोलू. माझा विश्वास आहे तेवढाच राहील."

"बोलताना कोण असणार?"

"तू म्हणशील ती."

त्या आठवड्यात ईश्वरी पोलीस बाईला घेऊन आली. भागीरथीबाईही आल्या होत्या, नवं पातळ नेसून, मनातून तयार की पोर आपला हात धरील. पहिल्यांदा तिनं आपल्यालाच तर सांगितलं होतं.

नमितानं खोलीत सगळ्यांकडे पाहिलं. "अम्मा राहू दे," ती आईकडे बघत म्हणाली. "अज्जी, तू बाहेर बस."

काळजात कळ आली, खोटं कशाला सांगा. पण बाई उठल्या. "बरं, राजा," म्हणाल्या आणि आपल्या हातानं दार ओढून घेतलं. बाहेर पायरीवर ऊन होतं, तिथं बसल्या. आत आधी काहीच ऐकू येईना. मग पोरीचा आवाज आला, हलका, अडखळत, थांबत, पुन्हा सुरू होत. शब्द कळत नव्हते, आणि बाई ते कळावेत म्हणून कान देत नव्हत्या.

समोरच्या घरातून शेजारीण डोकावली. "काय हो, आत काय चाललंय?"

"नमिता बोलतेय," भागीरथीबाई म्हणाल्या, आणि दाराला पाठ लावून बसल्या, कुणी आत जाऊ नये म्हणून.