पियानोसाठी वाशी, तबल्यासाठी घणसोली

पुण्यात पियानो नाहीत असं नाही. ज्यांच्याकडे आहेत त्यांना आपल्या हॉलमध्ये तबला नको असतो, एवढंच. म्हणून वाशी.

परदेशातल्या एका संगीत महाविद्यालयाला माझ्या व्हायोलिनची कॅसेट पाठवायची होती. अटी तीन: रचना स्वतःची, साथीला पियानो आणि एक भारतीय वाद्य, ध्वनिमुद्रण सलग. सुरुवातीला भैरवची आलापी, मग पियानोबरोबर दोन पदरांचा भाग, शेवटी तबला असं मी बांधलं होतं. सोमवारी पार्सल निघालं नाही तर वर्ष गेलं. वाशीची मावशी फोनवर म्हणाली, "खालच्या मजल्यावर पियानो आहे, ह्यांच्या कंपनीत तबलजी आहे. ये तू, फ्यूजन करून टाकू." मावशीच्या मते फ्यूजन मिसळीसारखं असतं, वरून शेव टाकली की झालं.

शनिवारी पहाटेची एसटी घेतली. घाटातून जायचं असेल तर मागची सीट घेऊ नका. व्हायोलिन मांडीवर असेल तर मुळीच नको. खोपोलीचा वडा कोमट मिळतो, बहुधा तसा नियम असावा. वाशीला हायवेवरच उतरायचं. तिथे रिक्षा मीटरने जाते, आणि पुणेकराने पाहण्यासारखं वाशीत तेवढंच आहे. रस्ते सरळ, इमारतींना नंबर, भिंतींना ओल. पत्ता इतका तर्कशुद्ध की चुकणं अशक्य, तरी रिक्षावाल्याने दोनदा विचारलं.

तबलजी किसनभाऊ पाटील घणसोली गावात राहतात. ठाणे-बेलापूर रस्ता सोडून आत वळलं की घरं एकमेकांना इतकी चिकटतात की व्हायोलिनची पेटी आडवी धरून जाता येत नाही. किसनभाऊंची दुपारी दोनची पाळी होती, म्हणून मी लगेच ट्यूनिंग फोर्क, म्हणजे सूर तपासायचा दोन दांड्यांचा पोलादी काटा, काढून गुडघ्यावर आपटला. तबला अर्धा स्वर खाली.

"मी पांढरी दोनची पट्टी सांगितली होती," मी म्हणाले.

"सांगतली असल. आमच्या भजनी बुवाचा गला काली एकचा हाय. तबला तिथंच असतो."

"मग वर चढवा."

"चामडं फाटल, ताई." मग आत बघून, "चा ठेव गो. आनि ह्या चिमट्याला पन इचार, साखर किती."

आतून बायको हसली. चहा मात्र चांगला होता.

रिक्षात मी हिशोब मांडला. तबला वर येत नाही. व्हायोलिन खाली आणलं तर पियानोशी जुळणार नाही. तबला सोडला तर अर्ज बाद. किसनभाऊ शेजारी बसून अभंग गुणगुणत होते, अर्थात काळी एकमध्ये.

मावशीच्या खालच्या मजल्यावरच्या मिस फर्नांडिस निवृत्त संगीतशिक्षिका. वांद्र्याहून त्यांनी पियानो ट्रकने आणलेला. दोघांच्या देखत, मुद्दाम वेळ घेऊन, मी फोर्कवर व्हायोलिन लावलं. मग त्यांनी पांढरी दोनवर पहिला कॉर्ड वाजवला. मला प्रत्येक स्वर नावासकट ऐकू येतो. हा पांढरी दोन नव्हता.

"तुमचा पियानो उतरलाय."

"असेल, बेबी. इकडे आल्यापासून ट्यूनर नाय आला. बोलतो, मी खाडी ओलांडत नाय."

किसनभाऊंनी न विचारता थाप दिली. ती कॉर्डखाली अशी बसली, जणू तिची जागा राखून ठेवली होती.

"ताई, आमी दोघं बराबर हाव. तुमीच एकट्या वर हाव."

मी सांगितलं की हा फोर्क जगभर प्रमाण मानतात.

"मग बोलव वर्ल्डला," मिस फर्नांडिस म्हणाल्या. "सोफ्यावर जागा हाय."

साडेबारा वाजले होते. मी चारही तारा अर्ध्या स्वराने उतरवल्या आणि टेपरेकॉर्डरचं बटण दाबलं. बोट एका स्वरावर आणि कानात दुसराच: दुसऱ्याचा चष्मा घालून जिना उतरावा तसं. पहिल्या वेळी आलापीतच थांबले. किसनभाऊंनी घड्याळाकडे पाहिलं फक्त. दुसऱ्या वेळी, दोन पदरांच्या भागात कुठेतरी, स्वरांची नावं ऐकू येईनाशी झाली. नुसते स्वर उरले. तबल्याला इशारा द्यायचं मी विसरले. किसनभाऊ बरोबर समेवर आले.

कॅसेट थांबवल्यावर ते म्हणाले, "जमलं. आता चिमटा घरी ठेवत जावा," आणि पाळीला गेले.

जाणाऱ्यांसाठी एवढंच: परतीची एसटी वाशीहून मिळते, पण उभ्याने. वाशी पुन्हा जाण्यासारखं ठिकाण नाही.

घरी येऊन कॅसेट तीनदा ऐकली. इतकं चांगलं मी आजवर वाजवलेलं नाही. हे मावशीला कळवलेलं नाही. अर्जात एक रकाना होता: रचनेचा आधारस्वर. माझ्या कागदावर पांढरी दोन, कॅसेटवर नाही. खोटी नोंद मी करत नाही. पांढरी दोनसाठी इंग्रजीत लिहिलेलं 'डी' खोडून शेजारी देवनागरीत 'काळी एक' लिहिलं आणि सोमवारी पार्सल टाकलं. तिकडे कुणाला कळलं नाही, तर त्यांनी घणसोलीला विचारावं.