व्याह्यांवरची बंदी

गिऱ्हाईकाच्या नाकावर चष्मा बसवताना चष्मेवाले जी सबुरी दाखवतात, ती पाहून कुणालाही वाटावं, हा माणूस भांडणं सोडवायलाच जन्माला आलाय. "डावी काडी टोचतेय का?" म्हणत ते काडी गरम करतात, वाकवतात, पुन्हा लावून बघतात, आणि टोचणारी काडी आणि कुरकुरणारं गिऱ्हाईक दोन्ही एकदमच सरळ होतात.

हा हातगुण त्यांनी इंटरनेटवरच्या एका ज्ञानकोशाला फुकट देऊन टाकला होता. तिथे कुणीही यावं आणि लेखात आपलं मीठ घालावं, अशी मुभा. साहजिकच एक जण लिहितो, दुसरा खोडतो, पहिला पुन्हा लिहितो. दोघं हातघाईवर आले की मध्यस्थाला हाक जाते. चष्मेवाले असे मध्यस्थ. पगार शून्य, शिव्या भरपूर, आणि चेहऱ्यावर बक्षीस लागल्याचा आनंद.

"घरातला नळ कधीपासून गळतोय, आणि हे जगाची भांडणं मिटवतायत," बायको म्हणायची.

"अगं, नळाला दुसरी बाजू नाही. मिटवू कुणाशी?"

उशीच्या आकारावरून, टोमॅटोच्या जातीवरून जुंपलेली माणसं त्यांनी गोडीगुलाबीने वेगळी केली होती. पण 'स्टूल' या लेखाने त्यांना घाम फोडला. 'आसनसम्राट' या टोपणनावाचे एक गृहस्थ पहिल्याच ओळीत लिहायचे, "स्टूल म्हणजे पाठ नसलेली खुर्ची." बाकीचे ते खोडून "बसण्याचं स्वतंत्र साधन" करायचे. त्यांचा चहा संपायच्या आत खुर्ची परत जागेवर! चर्चेच्या पानावर आसनसम्राटांनी विचारलं, "टक्कल पडलं म्हणून माणूस माणूस राहत नाही का?"

चष्मेवाले खुर्चीतल्या खुर्चीत उडाले. काय युक्तिवाद! पण नियम म्हणजे नियम. लिहिलेल्या गोष्टीला छापील आधार हवा. त्यांनी उत्तर दिलं, "संदर्भ द्या." आसनसम्राटांनी संदर्भ म्हणून स्वतःच्या घरातल्या स्टुलाचा फोटो जोडला. तोही थोडा तिरका. शेवटी एका रविवारी सकाळी चष्मेवाल्यांनी मन घट्ट केलं आणि त्या लेखापुरती त्यांच्यावर आठवडाभराची बंदी घातली.

त्याच दुपारी लेकीच्या होणाऱ्या सासरची माणसं पहिल्यांदा घरी यायची होती. मुलगा लेकीनेच पसंत केला होता आणि सगळ्यांना आवडलाही होता. घोडं अडलं होतं ते मुलाच्या वडिलांपाशी. त्यांचं ड्रायव्हिंग स्कूल. होकार द्यायचा म्हटला तरी आधी तिन्ही आरसे बघणारा माणूस. विचारावं तेव्हा उत्तर एकच, "बघू."

"बाबा, प्लीज. आज ते म्हणतील त्याला हो म्हणा," लेक म्हणाली.

"काहीही म्हणाले तरी?"

"काहीही!"

चष्मेवाल्यांनी मान डोलावली. पाहुणे आले, बसायला लागले, आणि खुर्च्या कमी पडल्या. बायकोने हाक मारली, "अहो, दुकानातलं ते स्टूल आणा!"

स्टूल आलं. होणारे व्याही मोठ्या मनाने त्यावर बसले. "कमी कुठे पडतंय, वहिनी? स्टूल म्हणजे पाठ नसलेली खुर्चीच की!"

"संदर्भ?" चष्मेवाले म्हणाले.

शिंक यावी तसा तो शब्द बाहेर पडला. लेकीने डोळे मिटले. बायकोने बिस्किटांची बशी पुढे केली, ती उशिरा पोचली.

"काय म्हणालात?" व्याह्यांचा आवाज खाली आला. "असं म्हणणारा जगात एकच दुष्ट माणूस आहे. आज सकाळीच त्याने मला..."

"आठवडाभर," चष्मेवाले बारीक आवाजात म्हणाले.

"म्हणजे तो नतद्रष्ट मध्यस्थ तुम्ही!"

"आणि टक्कलवाले तुम्ही? अहो, काय झकास मुद्दा होता तो!"

व्याही क्षणभर विरघळले आणि लगेच पुन्हा घट्ट झाले. "बंदी उठवा. मग पुढची बोलणी."

सगळं घर चष्मेवाल्यांकडे बघू लागलं. एक अंगठा फोनवर टेकवायचा की लेकीचं लग्न ठरणार. 'हो' जिभेच्या टोकापर्यंत आला, तिथे जरा घुटमळला आणि मागे फिरला.

"नाही जमणार. मागाल तर दुकान विकतो."

"बाबा!" लेक ओरडली.

"अगं, ते परके आहेत तोवर नियमानेच वागायला हवं. नातेवाईक असते तर गोष्ट वेगळी. नातलगाच्या प्रकरणात मध्यस्थाला बसताच येत नाही. घातलेली बंदीसुद्धा दुसऱ्याकडे फेरतपासणीला जाते."

व्याह्यांनी कप खाली ठेवला. "म्हणजे हे लग्न ठरलं की तुम्ही बाद?"

"तत्क्षणी."

"व्याही नात्यात धरतात?"

"ठळक अक्षरांत लिहिलंय."

"मग वाट कसली बघताय? ठरलं!"

"पण बाबा," मुलगा चाचरत म्हणाला, "तुम्ही तर इतके दिवस 'बघू'..."

"बघितलं! पोरगी हिरा आहे. बाप तेवढा आडमुठा, पण तो कुठे आपल्याकडे राहायला येणार आहे?"

विहीणबाई पदरात तोंड खुपसून हसत होत्या. "आमची सून स्टुलापायी आली, हे मी माहेरी सांगू कोणत्या तोंडाने?"

चष्मेवाल्यांनी तिथल्या तिथे फोनवर लिहिलं, "सदर संपादक आजपासून माझे व्याही असल्याने मी या प्रकरणातून बाजूला होत आहे."

व्याह्यांनी खांद्यावरून वाचलं. "'मोठ्या आनंदाने' घाला."

"ते पक्षपाती दिसेल."

"आता घाला हो!"

घातलं.

दुसरा चहा उकळेपर्यंत नव्या मध्यस्थबाईंचा निकाल आला. त्यांनी सगळं प्रकरण तिरक्या फोटोसकट वाचलं होतं. बंदी महिनाभर!

"अहो, काहीतरी करा ना!" व्याही कळवळले.

"कसं करू? नातं आहे आपलं."

व्याही तोंड उघडणार तेवढ्यात विहीणबाईंनी त्यात बिस्कीट कोंबलं. ते चावता चावता त्यांचे डोळे चमकले. "बंदी फक्त स्टुलावर ना? 'बाक' या लेखावर नाही?"

"नाही..."

"बाक म्हणजे लांबवलेली खुर्ची!"

"अजिबात नाही!" म्हणत चष्मेवाले बाह्या सरसावून पुढे सरकले. दोन्ही विहिणी स्वयंपाकघरात जाऊन तारखा काढू लागल्या. मुलगा आणि मुलगी केव्हाच हातात हात घालून फिरायला निघून गेली होती.