देव्हाऱ्याची चिकटलेली दारं

मंडळी, आज आमचं सुतक फिटलं. धाकटा भाऊ चिकलठाण्याला ड्युटीवर जाताना अपघातात गेला, हे तुमच्यातल्या बऱ्याच जणांना माहीत आहे.

तेव्हा घराला रंग चालू होता. सुतकात देवाला शिवायचं नाही, म्हणून देव्हाऱ्याची दारं लोटून ठेवली होती. पेंटरनं ती तशीच बंद रंगवली. त्याला सांगायला भानावर होतं कोण?

आज पूजेसाठी दार ओढलं तर हलेना. फटीतून ब्लेड फिरवलं, बिजागऱ्यांवरचा रंग खरवडला, तेल सोडलं. राग पेंटरवर नव्हता, आतल्यांवर होता. जोरात हिसका दिला तेव्हा कुठं उघडलं.

आत जास्वंदीची फुलं वाळून काळी पडलेली. त्या दिवशी सकाळी पूजा भावानंच केली होती.

मी निर्माल्य काढायला हात घातला तर आई म्हणाली, "राहू दे रं. त्याच्या हातची हायेत ती."

आणि तिनंच दार लावून घेतलं. आता ते जराही अडकत नाही.

उद्या पूजा करायची तर ती फुलं काढावी लागतील. कुणावर अशी वेळ आली असेल तर सांगा, आईला काय म्हणू?