नुसते ओठ हलवायचे

धायरीतल्या एका शाळेत मी प्राथमिकच्या मुलांना गाणं शिकवते. म्हणजे वेळापत्रकात तसं लिहिलेलं आहे. प्रत्यक्षात माझा तास म्हणजे रिकामा पाट, कुणीही येऊन बसावं. गणित मागे पडलं, घ्या संगीताचा तास. स्कॉलरशिपचा सराव राहिला, घ्या. उरलेल्या वेळात मी मुलांचा सर्वांगीण विकास करते, असं शाळेच्या माहितीपत्रकात छापलेलं आहे.

तिसरीत एक मुलगी होती. घरचे विदर्भातून आलेले, आई-वडील दोघंही कारखान्यात. पहिल्याच आठवड्यात ती वर्गात 'मले' म्हणाली आणि आपल्या शुद्ध पुण्याची पोरं खो खो हसली. त्यानंतर तिनं तोंडच मिटलं. हजेरीलासुद्धा नुसता हात वर. माझ्या तासाला मात्र मी पेटीवर सूर धरला की ती तो अलगद उचलायची. गाताना तिला कुणी हसत नव्हतं. हळूहळू ती माझ्याशी बोलायला लागली, मग शेजारच्या मुलीशी, आणि एक दिवस चक्क गणिताच्या बाईंना उत्तर दिलं. संगीताचा उपयोग काय, असं पालकसभेत विचारणाऱ्यांना मी हे सांगत नाही. त्यांना मार्कांत उत्तर हवं असतं.

गॅदरिंगच्या गाण्यातलं पहिलं कडवं मी तिला एकटीला दिलं. घरी ती गुणगुणतसुद्धा नव्हती. आईला एकदम स्टेजवरच ऐकवायचं, असं तिनं ठरवून टाकलं होतं. आईनंही त्या दिवसासाठी पाळी बदलून घेतली.

ऐन तोंडावर मुख्याध्यापिकांनी मला बोलावलं. यंदा गाणं रेकॉर्डेड लावायचं, मुलांनी नुसते ओठ हलवायचे, माइक बंद ठेवायचे. व्हिडिओ नीट यायला हवा, मुलं बेसूर गेली तर पालक नावं ठेवतात. मुलं तयार आहेत, एकदा ऐकून तरी बघा, असं मी म्हटलं.

"अहो, गॅदरिंगला ऐकायला कोण येतं? सगळे बघायला येतात."

मी पुष्कळ भांडले. आपण फार दमलेल्या दिसता, असं म्हणून त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला.

मुलीला सगळं समजावून सांगितलं होतं. तरी स्टेजवर ती गायलीच. मी विंगेत होते, म्हणून मला ऐकू आलं. अगदी सुरात होती. बाकी सभागृहभर स्पीकरमधून कुणा भलत्याच मुलीचा घोटवलेला आवाज. दुसऱ्या ओळीला ती थांबली. गाणं थांबलं नाही. मग तिनं ओठ हलवायला सुरुवात केली.

कार्यक्रम संपल्यावर आई मला शोधत आली. डोळे भरलेले, मुलगी हाताशी.

"माही पोरगी एवढी चांगली गाते, मले तं माहीतच नव्हतं जी," ती म्हणाली, आणि मी तोंड उघडायच्या आत तिनं लेकीची दृष्ट काढून कडाकडा बोटं मोडली. मुलगी माझ्याकडे बघत राहिली. त्या क्षणी मला शाळेचा एकेक स्पीकर फोडावासा वाटत होता.

पुढच्या तासाला मी पेटी उघडली आणि तिला म्हटलं, तेच कडवं म्हण, सगळ्यांना तुझ्या आवाजात ऐकू दे. ती उठून समोर आली, नीट उभी राहिली आणि थांबली.

"मॅडम, आधी गाणं लावा ना."