डावीकडच्या सीटपुढचं पाणी

गाडीत पाणी साचतंय हे मला पर्समुळे कळलं. बँकेतून येताना पर्स नेहमीसारखी डावीकडच्या सीटपुढे, पाय ठेवतात तिथे टाकली होती. घरी येऊन उचलली तर तिचा तळ भिजलेला. बाटली सांडली असेल म्हणून पाहिलं, पण बाटलीचं झाकण घट्ट होतं. मग मॅटवर हात दाबला, तर बोटांच्या फटींतून पाणी वर आलं आणि ओल्या पोत्यासारखा वास सुटला.

वाराणसीला बदली होऊन तेव्हा मला आठ महिने झाले होते. एक्कावन्नाव्या वर्षी प्रमोशन मिळालं आणि त्याच्याबरोबर हे शहर मिळालं. नवरा सोलापुरात. त्याची शाळा आणि आईचं आजारपण सोडून येणं त्याला शक्य नव्हतं, आणि मीही फार आग्रह केला नाही. मुलगी बंगळुरूला. गाडी मात्र मी हट्टाने ट्रकवर चढवून मागवून घेतली होती. महमूरगंजमधल्या ज्या सोसायटीत फ्लॅट घेतला, तिथे पार्किंगच्या चांगल्या जागा आधीच वाटून झालेल्या होत्या. उरली होती भिंतीकडची, कडुलिंबाखालची, जराशी उताराची. ती माझी झाली.

दिवसभर बँकेत हिंदी. माझी हिंदी कामापुरती चांगली आहे, पण काम संपलं की बोलणंही संपतं. लोक चांगले होते, चहाला बोलवायचे, मी जायचे आणि हसून परत यायचे. त्या वर्षी घरी दीड दिवसाचा गणपती बसवला. आरती एकटीनेच म्हटली, तीही हळू आवाजात, कारण एकट्या माणसाचा आरतीचा आवाज रिकाम्या फ्लॅटमध्ये फार मोठा वाटतो.

गाडीतल्या पाण्याचं मी नवऱ्याला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "मेकॅनिकला दाखव." बरोबरच होतं त्याचं. तरी फोन ठेवल्यावर वाटलं, कुठून येतंय, किती येतंय, असा एखादा प्रश्न त्याने विचारायला हवा होता.

जवळच्या सिगरा भागातला मेकॅनिक भला माणूस होता. त्याने एसीचं पाणी बाहेर टाकणारी नळी साफ केली आणि आता येणार नाही म्हणाला. तीन दिवसांनी पाऊस झाला आणि मॅट पुन्हा चिंब. दुसऱ्यांदा त्याने ते पाणी बोटावर घेऊन चोळलं, हुंगलं. इंजिन थंड ठेवायचं पाणी असतं तर चिकट लागलं असतं, हे साधंच पाणी आहे, म्हणाला. त्याने दाराचं रबर बदललं. मी मॅट काढून गच्चीवर वाळवली, खालच्या जाड नमद्यात वर्तमानपत्रं कोंबली, रोज सकाळी ओली काढून कोरडी घातली. पुढच्या पावसात सगळी मेहनत वाया गेली.

मग मी स्वतःच लक्ष ठेवायला लागले. एसी लावून तासभर फिरले तरी पाणी नाही. बँकेच्या तळघरात गाडी उभी असताना बाहेर धो धो पाऊस पडला, तरी पाणी नाही. सोसायटीत, उतारावर नाक खाली करून उभी असताना पाऊस आला, की पाणी. हे मी मेकॅनिकला सांगितलं तेव्हा तो खूश झाला. म्हणाला, आता बाहेरून पाणी ओतून पाहायला हवं. एकाने आत टॉर्च घेऊन बसायचं, दुसऱ्याने बाहेरून एकेका जागी पाणी ओतायचं. पण त्याची माणसं गावाला गेली होती, दसऱ्यापर्यंत त्याला वेळ नव्हता. "घर के किसी को बिठा लीजिए, मैडम," तो म्हणाला. मी बरं म्हणाले. घरात बसवायला कोणी नाही, एवढं वाक्य हिंदीत काही अवघड नाही. पण मला ते म्हणता आलं नाही.

रविवारी सकाळी मी बादली आणि तांब्या घेऊन खाली उतरले. म्हटलं, एकटीने करून बघू. दाराच्या वरच्या कडेला पाणी ओतलं, धावत वळून दार उघडलं, तर दार उघडताच टपावरचं पाणी सरळ आत सांडलं. आता ते गळून आलेलं कुठलं आणि मी आत घेतलेलं कुठलं, काही कळेना. पुसून पुन्हा केलं. पुन्हा तेच. चौथ्या वेळेला मी ओल्या मॅटवर गुडघे टेकून, डोकं सीटखाली घालून मोठ्याने म्हणाले, "मेलं येतंय तरी कुठून हे पाणी?"

"दार उघडलं की वरचं पाणी आत जाणारच ना," कोणीतरी मराठीत म्हणालं. "एकाने आतच बसायला पाहिजे."

मी डोकं बाहेर काढलं. तळमजल्याच्या बाल्कनीत जाळीमागे एक वयस्क बाई उभ्या होत्या. पांढरे केस, सुती साडी, हातात मेथीची जुडी. त्यांना मी येता-जाता पाहिलेलं होतं. मान हलवून पुढे जायचे, इथल्याच असतील असं धरून.

"तुम्ही मराठी?" मी विचारलं.

"इथल्याच मराठी, घाटाजवळच्या मंगला गौरीच्या गल्लीतल्या. कितव्या पिढीपासून, ते आम्हालाही ठाऊक नाही." मग मेथी बाजूला ठेवून त्या म्हणाल्या, "मी बसते आत."

त्यांना यायला वेळ लागला. गुडघे गेलेले, भिंतीला धरून आल्या. गुडघ्यांमुळेच गल्लीतलं घर सोडून मुलगा-सुनेबरोबर इथे यावं लागलं, हे त्यांनी चालता चालताच सांगितलं. मी त्यांना काकू म्हणायला लागले, विचारलं वगैरे नाही. त्यांना कोरड्या बाजूला, ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं, मोबाइलचा टॉर्च लावून हातात दिला आणि सगळ्या काचा बंद केल्या. बंद काचेतून आवाज नीट येईना, म्हणून ठरवलं की कोरडं असेल तर काचेवर एकदा वाजवायचं, पाणी दिसलं तर दोनदा.

दारावर तीन तांबे ओतले. एकदा वाजलं. समोरच्या काचेच्या वरच्या कडेला ओतलं. एकदा. बाजूच्या कडेला ओतलं. एकदा. प्रत्येक वेळी काकू खाली वाकून टॉर्च फिरवायच्या, अगदी मन लावून, आणि मग वर बघून वाजवायच्या. मधूनच त्यांचे ओठ हलताना दिसायचे. मग मी वायपरच्या खाली, जिथे काळी जाळी असते, तिथे अर्धी बादली रिकामी केली. पाणी खाली उतरायच्या ऐवजी जाळीत तुंबून राहिलं. काकू खाली वाकल्या आणि बराच वेळ वर आल्याच नाहीत. मग दोनदा वाजलं, आणि पुन्हा दोनदा.

मी दार उघडलं. "पंख्याच्या डब्यातून टपकतंय," त्या म्हणाल्या. "इथून, हे बघा." आणि मग एकदम, "टपकतंय नाही. तुमच्याकडे काय म्हणतात?"

"ठिबकतंय," मी म्हणाले.

"ठिबकतंय." त्यांनी तो शब्द हळूच उच्चारला. "माझी आई म्हणायची. मी विसरलेच होते."

बॉनेट उघडून जाळीच्या कडेने हात घातला तर आत कडुलिंबाचा पाला कुजून काळा चिखल झाला होता. पाणी खाली जायचं भोक त्याने पार बुजलेलं, म्हणून तुंबून चढलेलं पाणी एसीच्या पंख्याच्या तोंडातून गाडीत उतरत होतं. हँगरची तार सरळ करून मी भोकात खुपसली. जरा वेळाने गुडगुड आवाज झाला आणि सगळं पाणी पुढच्या चाकामागून जमिनीवर वाहून गेलं. मी पुन्हा बादली ओतली. काकूंनी एकदाच वाजवलं.

काम संपलं होतं, तरी त्या उतरल्या नाहीत. मी हात धुऊन मागच्या सीटवर बसले, कारण पुढे डावीकडे सगळं ओलं होतं. त्या आरशातून माझ्याकडे बघत बोलत राहिल्या. गाडीचा एमएच नंबर त्यांनी जानेवारीतच पाहिला होता. सोसायटीत कोणीतरी मराठी आलंय हे त्यांना आठ महिने माहीत होतं.

"मग हाक का नाही मारलीत?"

"तुम्ही ऑफिसर. कामात असता. कशाला परेशान करायचं." मग म्हणाल्या, "हे गेल्यापासून घरात मराठी कोणाशी बोलू? मुलाला येतं, पण जवाब हिंदीत देतो. सून इकडचीच, बलियाची. मी मराठीत बोलले की नातवंडांना वाटतं, दादी आपल्याशीच बडबडते आहे."

मी हिंदीत थकते असं सांगायला गेले आणि सांगताना लक्षात आलं, की ते मी यापूर्वी कोणाला सांगितलंच नव्हतं.

त्यानंतरचे तीन महिने बरे गेले. रविवारी सकाळी काकू गाडीत येऊन बसायच्या, कारण घरात टीव्ही चालू असायचा आणि माझा तिसरा मजला त्यांना चढवत नव्हता. एकदा त्यांना मंगला गौरीचं दर्शन घ्यायचं होतं. मैदागिनच्या चौकापुढे गाडी जाईना. त्या उतरल्या, गर्दीत पन्नासेक पावलं चालल्या आणि थांबल्या. म्हणाल्या, पायऱ्या आठवूनच गुडघे दुखतात, परत जाऊ. मी गाडी वळवली.

थंडीत काकूंच्या मुलाची लखनऊला बदली झाली. सामानाचा ट्रक आला त्या दिवशी मी बँकेत होते. ऑडिट होतं, सुट्टी मागायला हवी होती, मागितली नाही. आदल्या संध्याकाळी भेटून आले होते, तेव्हा सगळं घर खोक्यांनी भरलेलं आणि बोलायला जागा नव्हती. काकूंनी मेथीचे ठेपले बांधून दिले.

संक्रांतीला मी फोन केला. नातवाने उचलला आणि त्यांना दिला. मागे टीव्हीचा, माणसांचा आवाज होता. "तिळगूळ घ्या, काकू," मी म्हणाले.

"हाँ बेटा, खुश रहो," त्या म्हणाल्या. "सब ठीक है यहाँ. तुम ठीक हो?"

कदाचित त्यांना माझा आवाज ओळखू आला नसेल. कदाचित खोलीत सगळे बसले असतील.

"जी, ठीक हूँ," मी म्हणाले, आणि लखनऊत थंडी कशी आहे ते विचारलं.