खिळ्याला अडकवलेल्या अकरा पाठी

छत्रपती संभाजीनगरातल्या निम्म्या माणसांना आमचे टेलरमास्तर फक्त पाठमोरे ओळखतात, आणि उरलेल्या निम्म्यांना ओळखायची त्यांना गरजच वाटत नाही, कारण ते लोक रेडीमेड घालतात. गुलमंडीच्या मागच्या एका बोळीत त्यांचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक मशीन, एक कटिंगचं टेबल आणि दोन्हींच्या मधे मास्तर मावतील एवढी फट. गिऱ्हाइकानं पायरीवर उभं राहायचं. समोरून कुणी ‘नमस्कार मास्तर’ म्हणालं तर ते चष्म्यावरून परक्यासारखं बघत राहतात. तोच माणूस वळून चालू लागला की मग मागून हाक येते, “आरं, तुमी व्हय? खांदा बगितल्यावर कळलं.” एकदा त्यांचे सख्खे मेहुणे पिशोरहून खास भेटायला आले होते. त्यांचीही ओळख पटली ती ते रागावून परत निघाल्यावरच.

जगात सरळ माणूस नाही, हा मास्तरांचा सिद्धांत आहे आणि तो ते चहाच्या प्रत्येक कपासोबत मांडतात. “चाळीस वर्षं टेप लावायलोय, दोनी बाजू सारखा माणूस म्या नाय पाह्यला,” असं म्हणून ते दाखले देतात. आमच्या वॉर्डाच्या नगरसेवकाचा उजवा खांदा मोबाइल कानाशी दाबून दाबून वर चढलाय. गणिताच्या एका सरांचा उजवा हात फळ्यावर लिहून लिहून डाव्यापेक्षा पाऊण इंच लांब झालाय. लग्नात फोटोग्राफर नवरदेवाला ‘सरळ उभे राहा’ म्हणाला की मास्तर मांडवात एकटेच हसत बसतात. हे सगळं ते तोंडात पाच-सहा टाचण्या धरून बोलतात, त्यामुळे नवीन माणसाला निम्मं कळत नाही आणि जुन्या माणसाला ते आधीच पाठ असतं.

मास्तर खोटं बोलतात ते फक्त तारखेच्या बाबतीत, असा माझा बरीच वर्षं समज होता. त्यांच्याकडे टाकलेला कुठलाही कपडा कधीही विचारा, त्याचं फक्त काज-बटण राहिलेलं असतं. माझ्या एका सलवारीचंसुद्धा आठवडाभर काज-बटण राहिलं होतं. मी म्हटलं, मास्तर, सलवारीला बटण कुठं असतं? तर शांतपणे म्हणाले, “म्हणूनच तर येळ लागायला.”

वाकून वाकून त्यांची स्वतःची मान पुढं आली आहे आणि ती दुखते. त्यावर त्यांचा घरगुती इलाज असा, की मानेवर चार पदरी फडकं टाकायचं आणि शर्टांच्या मधल्या वेळात स्वतःवरच कोमट इस्त्री फिरवायची. डोळे मिटून, मान टेबलावर टेकवून इस्त्री फिरवणारे मास्तर बघून एक नवीन गिऱ्हाईक कापड तिथंच टाकून पळालं होतं. “मला बी एकदा फिरवा,” असं मी गमतीनं म्हटलं, तेव्हा मात्र त्यांनी इस्त्रीचं बटण बंद केलं आणि गंभीर चेहऱ्यानं सांगितलं, “तुज्या पाठीचा माल येगळा हाय. तिला हात लावायचा नाय.”

माझ्या पाठीबद्दल एवढ्या अधिकारानं बोलायचा त्यांना हक्क होता, कारण ती वाकडी आहे हे जगात सगळ्यात आधी त्यांनीच सांगितलं. मी सातवीत होते. शाळेच्या रेडीमेड ड्रेसचा एक खांदा घसरायचा आणि झग्याची खालची कड एका बाजूनं वर जायची. आई रोज सकाळी पाठीत धपाटा घालून “नीट उभी राह्य” म्हणायची. बाबा दप्तराला दोष द्यायचे. शेवटी आईनं दुकानदाराला चार शिव्या घालून तो ड्रेस मास्तरांकडे नेला, आत मला घालून. मास्तरांनी मला पायरीवर उभं केलं आणि पाठमोरी वळायला सांगितलं. मग कानावरचा खडू काढून पुन्हा कानावर ठेवला. “ताई,” ते आईला म्हणाले, “ड्रेस सरळ हाय. पोरीला डॉक्टरला दाखवा.”

आईनं त्यांच्यावर दोन दिवस राग धरला आणि तिसऱ्या दिवशी मला डॉक्टरकडे नेलं. कण्याला बाक होता. मग दोन-तीन वर्षं कडक प्लास्टिकचा पट्टा आला, तो मी शाळेत कपड्यांच्या आत घालत असे. मास्तर त्याला चिलखत म्हणायचे आणि चिलखतावर बसेल असा ड्रेस शिवायचे. इथंच त्यांच्या हातचं खरं काम सुरू झालं. शिंपी कापड दुमडून कापतो. एकदा कात्री चालवली की डावी-उजवी बाजू आपोआप सारखी निघते. माझं कापड दुमडून चालत नसे. मास्तर ते टेबलावर उघडं पसरत, डावीकडचं माप वेगळं, उजवीकडचं वेगळं, आणि आधी खाकी कागदावर पाठीचा साचा कापून मग कापडाला हात लावत. तो कागद काम झाल्यावर भिंतीवरच्या एका खिळ्याला जाई. त्यावर माझं नाव कधीच नव्हतं. ‘शाळेवाली’ एवढंच लिहिलेलं असायचं, आणि मी नोकरीला लागल्यावरही त्यात बदल झाला नाही.

नोकरी मला वाळूजच्या एका कारखान्यात मिळाली, तीही क्वालिटीच्या खात्यात. दिवसभर गेज घेऊन लोखंडी दांड्या तपासायच्या आणि केसभर वाकलेली असली तरी बाजूला काढायची. स्वतःच्या पाठीत एवढा बाक घेऊन दुसऱ्याचा वाकडेपणा काढायचा, यासारखं सुख नाही. अडचण एकच होती. सिडकोहून वाळूजला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये प्रत्येक गतिरोधकाला माझ्या कमरेतून कळ निघे. दुपारनंतर उजव्या पाठीवर कुणी गरम वीट ठेवल्यासारखं वाटायचं. जेवणाच्या सुट्टीत मी पॅकिंगच्या खोक्यांवर आडवी व्हायची. मैत्रिणींना वाटायचं मी आळशी आहे, आणि दुखतंय म्हणण्यापेक्षा मला ते बरं वाटायचं.

तेवीस वर्षांची झाले तेव्हा नवीन डॉक्टरांनी एक्स-रे काढला आणि बाक बावन्न अंशांचा आहे असं सांगितलं. हा बाक वाढत असेल तर ऑपरेशन करून घ्यावं, कण्याला सळ्या आणि स्क्रू लावून तो धरून ठेवावा लागेल. वाढत नसेल तर व्यायाम करत थांबता येईल. “जुने एक्स-रे आणा, म्हणजे वाढतोय का ते कळेल,” ते म्हणाले. जुने एक्स-रे नव्हते. मागं एकदा सूर्यग्रहण झालं, तेव्हा बाबांनी ते कपाटातून काढून कात्रीनं चौकोन कापले होते आणि सगळ्या गल्लीत वाटले होते. माझ्या बरगड्यांमधून आमच्या गल्लीनं ग्रहण पाहिलं. शेजारच्या काकू अजून सांगतात की फार छान दिसलं म्हणून.

मला त्या ऑपरेशनची भयंकर भीती वाटत होती, हे सरळ सांगून टाकते. पाय हलले नाहीत तर? सळ्या घातलेली पाठ आपली वाटेल का? आईलाही भीती होती, म्हणून तिनं फर्दापूरकडच्या एका मालीशवाल्याचा पत्ता मिळवला. बाबा काहीच बोलत नव्हते, त्यांना ग्रहण आठवत असावं. अशा घरात मी एक पुरावा काढला. मी म्हटलं, बाक वाढत नाहीये. वाढला असता तर कपडे बिघडले असते. माझे कुर्ते बघा, खांदे सरळ, कड सरळ. आरशात बघितलं तर कुणी म्हणणार नाही या मुलीला काही आहे. मी डॉक्टरांनाही हेच सांगितलं. ते म्हणाले, सहा महिन्यांनी पुन्हा एक्स-रे काढू, तोवर विचार करा. मी विचार करायचं बंदच केलं, कारण माझा विचार झालेला होता.

चुलतभावाच्या लग्नासाठी टाकलेला कुर्ता आणायला गेले तेव्हा मी हे सगळं मास्तरांना फुशारकीनं सांगितलं. “तुमच्या कुर्त्यांनी मला वाचवलं,” असंही म्हटलं. मास्तर तोंडात टाचण्या धरून ऐकत होते. माझं बोलणं संपल्यावर त्यांनी एकेक टाचणी काढून कॉलरला खोचली. सगळ्या संपेपर्यंत ते माझ्याकडे बघत नव्हते. मग त्यांनी माझा नवा कुर्ता पुढं काढला. तो पूर्ण तयार होता, काज-बटणासकट, आणि ब्लेडनं त्यांनी त्याच्या डाव्या खांद्याचं अस्तर उसवायला घेतलं.

“मास्तर, काय करायलात?”

आतून त्यांनी कापसाचं एक पॅड काढलं, मग दुसरं, मग तिसरं, आणि टेबलावर ओळीनं मांडलं. “दहावीत तुला एक बी नव्हतं,” ते म्हणाले. “कॉलेजात गेलीस तवा एक घातलं. मागल्या साली दोन. आता तीन झाले.” नंतर त्यांनी खिळ्यावरचे साचे उतरवले. लॉकडाउनचं एक वर्ष सोडलं तर सातवीपासून दर साली एक, असे अकरा कागद होते. सगळ्यांचे उजवे खांदे एकावर एक जुळवून त्यांनी ते माझ्यासमोर ठेवले. उजवीकडे सगळे सारखे होते. डावीकडे प्रत्येक कागदाचा खांदा आधीच्याच्या जरा खाली उतरलेला, दौलताबादच्या किल्ल्याच्या पायऱ्यांसारखा, आणि शेवटच्या दोन पायऱ्या चांगल्याच उंच होत्या.

मला राग आला. इतकी वर्षं मी ज्या आरशावर विश्वास ठेवला तो या माणसानं आतून कापूस भरून सरळ केला होता. “तुम्ही सांगितलं का नाय मला?” मी विचारलं.

मास्तर पॅडांवरून हात फिरवत राहिले. “पहिला कुर्ता घालून तू आरशात बघून हसलीस,” ते म्हणाले. “म्या म्हणलं, हसू दे पोरीला. मग दर साली तेच म्हणत गेलो. चुकलंच माजं. म्या कपडा सरळ केला, पोरी. पाठ नाय झाली.”

मी पायरीवर बसले आणि थोडी रडले. मास्तरांना रडणाऱ्या माणसाशी समोरून काय करायचं ते कळत नाही. त्यांनी बोळीतून चहा मागवला, मी पाठमोरी बसले होते तसंच बसू दिलं, आणि तिन्ही पॅडं पुन्हा आत घालून अस्तर शिवून दिलं. लग्नात सगळे म्हणाले कुर्ता झकास बसलाय.

अकरा पाठींची गुंडाळी घेऊन मी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी सवयीनं पहिला कागद एक्स-रे बघायच्या उजेडाच्या काचेवर लावला. खाकी कागदातून काहीच दिसलं नाही, तेव्हा ते हसले. मग टेबलावर पसरून एकेक बघताना हसायचे थांबले. “हे मी फाइलला लावू शकत नाही,” ते म्हणाले, “पण हे कापणाऱ्यांना माझा नमस्कार सांगा.” सहा महिन्यांनी नव्या एक्स-रेनं तेच सांगितलं, जरा चकचकीत कागदावर. तोवर ऑपरेशनला माझा होकार ठरला होता. भीती तेवढीच होती, फक्त आता तिच्यासमोर आरसा धरून उपयोग नव्हता.

ऑपरेशननंतर शुद्ध आली तेव्हा मी आधी पायाची बोटं हलवली, आणि ती हलली. आई त्या बोटांकडे बघून इतकी रडली की नर्सनं तिलाच पाणी दिलं. पाचव्या दिवशी मास्तर भेटायला आले. चालायला शिकवणाऱ्या ताईंनी मला नुकतंच उभं केलं होतं. मास्तरांनी माझा चेहरा, सलाईन, काहीच पाहिलं नाही. ते सरळ माझ्या मागं गेले. मग खिशातून टेप काढल्याचा आवाज आला आणि नर्सनं त्यांना बाहेर जायला सांगितलं. दारातून ते एवढंच म्हणाले, “खांदे लई बराबर आलेत. पण हा गाऊन कुनी शिवला? मागून बंदच केला नाय.”

चार महिन्यांनी मी त्यांच्याकडे गेले. हातात निळं कापड होतं, आणि माझी उंची दीड इंचानं वाढली होती. मी त्यांना म्हटलं, मास्तर, आता दुमडून कापा. त्यांनी टेप लावला, डावं माप सांगितलं, उजवं सांगितलं, दोन्ही जवळजवळ सारखी निघाली. मास्तर ती पुन्हा पुन्हा मोजत होते. त्या कुर्त्याचं काज-बटण एकदाही राहिलं नाही. दिलेल्या दिवशी तो तयार होता, आणि तेव्हाच मला काहीतरी बिनसलंय हे कळायला हवं होतं.

घालून बघितला तर डावा खांदा लोंबत होता, उजवीकडे कापड ओढत होतं आणि कड तिरकी चालली होती. चाळीस वर्षांत मास्तरांचा एकही कपडा असा बिघडला नव्हता. त्यांनी मला पाठमोरी वळवलं आणि लगेच सगळं ओळखलं. मापं नवी लिहिली होती, पण कापड टेबलावर आलं तसं त्यांनी ते नेहमीसारखं उघडं पसरलं होतं, आणि कात्री आपली जुन्या वाटेनं गेली होती. मास्तर स्टुलावर बसले. “हात ऐकत नाय गं,” ते म्हणाले. “त्याला तुजी तीच पाठ ठावी हाय.” मग घाईनं उठून म्हणाले, “काढ, उसवून देतो.”

मी दिला नाही. पायरीवरून उतरून तसाच अंगावर घेऊन घरी आले.

त्यानंतरचे माझे सगळे कुर्ते मास्तरांनी दुमडून कापले आहेत. ते छान बसतात, आणि वेळेवर कधीच मिळत नाहीत. खिळ्यावर आता माझा कागद नसतो, कारण सरळ पाठीला साचा लागत नाही. डॉक्टरांकडून परत आणून दिलेले जुने अकरा मात्र त्यांनी तिथून काढलेले नाहीत. मला जिना चढताना, बसच्या गतिरोधकाला, पहिल्यासारखं दुखत नाही, आणि मी त्या पाठीची आठवण काढावी असं तिनं मला काही दिलं नव्हतं. तरी कधी सुट्टीच्या दिवशी तो निळा कुर्ता काढून घालते. आई म्हणते, किती वाकडा दिसतोय, दे की मास्तरांना. मी आरशासमोर पाठमोरी उभी राहते आणि मान वळवून बघते. मग एक खांदा जरा खाली सोडते, म्हणजे तो बरोबर बसतो.